पेटीतला अखंड खडक

मी खडक वाचायची सरकारी नोकरी केली, आणि त्यातली पहिली पाच-सहा वर्षं खडक जमिनीत असतो हे मला केवळ ऐकून माहीत होतं. माझ्याकडे तो लाकडी पेटीत येत असे.

आमचं ऑफिस नाशकात, गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत होतं. पुढे साहेबांची खोली आणि जास्वंदीची दोन झाडं, मागे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये छपरापर्यंत पेट्या. पोकळ तोंडाचं यंत्र फिरवत जमिनीत उतरवलं की त्याच्या नळीत अडकून खडकाची कांडी वर येते, मनगटाएवढी जाड. या कांड्या खोलीच्या क्रमाने पेटीच्या खणांत मांडायच्या, आणि मग जाणत्या माणसाने त्या पाहून जमिनीच्या पोटात काय आहे ते लिहून द्यायचं. तो जाणता माणूस म्हणजे मी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला भूशास्त्र शिकलेली मुलगी आमच्या बौद्ध वसाहतीत मी एकटीच होते, तेव्हा वसाहतीने शाल आणि स्टीलचा तांब्या देऊन माझा सत्कार केला होता. खात्याने पंख्याखालची खुर्ची देऊन केला.

"बाईंना उन्हातान्हात कशाला पाठवायचं?" साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले आणि विषय संपला. पुरुष मंडळी जीपमधून पेठ-सुरगाण्यापर्यंत हिंडत, येताना कुणाच्या तरी शेतातला हुरडा खाऊन येत, आणि माझ्यासाठी पेट्या आणत. साहेब मनाने वाईट नव्हते. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं.

साहेबांचं एकच वेड होतं, टापटीप. फायलीची दोरी सुटलेली दिसली तरी त्यांचं डोकं दुखायला लागायचं. आता खडकाला टापटीप कोण शिकवणार? जिथे तो भक्कम असतो तिथे लांब कांडी निघते. जिथे फुटका किंवा मऊ असतो तिथे नुसता चुरा निघतो, नाहीतर काहीच निघत नाही. नियम असा, की जिथे काही निघालं नाही तिथे पेटीत तेवढ्याच लांबीचा लाकडी ठोकळा ठेवायचा, म्हणजे पाहणाऱ्याला कळतं की इथे काहीतरी कमी आहे. पण नियम पुस्तकात होता आणि साहेब ऑफिसात होते. मुंबईहून वरिष्ठ तपासणीला यायचे होते तेव्हा त्यांनी एक पेटी पाहिली, तिच्यातले ठोकळे आणि चुरा पाहिला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "बाई, ही पेटी आहे की म्हाताऱ्याचं तोंड? जरा नीटनेटकं करा."

मी नीटनेटकं केलं. ठोकळे काढले, कांड्या सरकवून एकमेकींना टेकवल्या, चुरा ब्रशने झाडून घमेल्यात भरला आणि ओल्या फडक्याने एकेक कांडी पुसली. काळा दगड ओला झाला की फार देखणा दिसतो. वरिष्ठ खूश झाले, साहेब त्याहून खूश झाले. तेव्हापासून पेटी आली की आधी आवरायची आणि मग वाचायची, असा आमच्या शेडचा रिवाजच पडला. मला त्यात काही खोटं वाटलं नाही. पाहुणे यायच्या आधी पसारा उचलायचा, हे तर मला भूशास्त्राच्या कितीतरी आधी शिकवलं होतं. माझे यजमान ओझरच्या विमान कारखान्यात तपासणीच्या कामाला होते. ते सांगायचे, पत्रा हातात घेतला की आम्ही पहिल्यांदा तडा शोधतो. मी ऐटीत म्हणायची, आमच्याकडे तडे नसतातच.

घमेल्यातला चुरा ऑफिसच्या वॉचमनची बायको घेऊन जायची. लाल चुऱ्यावर तिचा विशेष डोळा. आपल्या भागात काळ्या खडकाचे जाड थर एकावर एक बसलेले आहेत आणि दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे लाल मातीचा थर सापडतो, विटेच्या रंगाचा, बोटाने चुरगळणारा. "बाई, बाजारच्या गेरूपेक्षा ही माती लय गुणाची," ती म्हणायची. फाटकाशेजारच्या तिच्या खोलीपुढे एवढंसं अंगण होतं, पण तसं लालभडक अंगण सबंध गल्लीत दुसरं नव्हतं. आम्ही येता-जाता तिचं कौतुक करायचो.

माझा मामा सिन्नरच्या बाजूला एका खेड्यात राहायचा. तुकडाभर जमीन आणि गवंडीकाम, यावर त्याचं आणि मामीचं चालायचं. त्या गावच्या बौद्धवाड्याला स्वतःची विहीर होती. त्याआधी वाड्यातल्या बायका गावविहिरीपासून लांब उभ्या राहायच्या आणि कुणाला दया आली की त्यांच्या हंड्यात वरून पाणी पडायचं. आपली कंबर हंड्याने नाही, त्या उभं राहण्याने गेली, असं मामी सांगायची. बहात्तरच्या दुष्काळात सगळा वाडा सरकारी कामावर खडी फोडायला गेला आणि तिथे सुरुंग लावायला शिकला. पाऊस आल्यावर त्यांनी तीच विद्या वापरून आपल्या वाड्यात विहीर पाडली, सात परस खोल, म्हणजे एकावर एक सात माणसं उभी राहतील एवढी. सरकारने मदत काही केली नाही, पण विहिरीला पाणी लागल्यावर पाटी मात्र ताबडतोब लावली.

खणताना एकदा सुरुंगाचा धूर तळाशी कोंडून एक जण बेशुद्ध पडला होता. तेव्हापासून मामीचा नियम असा, की विहिरीत माणूस उतरायच्या आधी दोराला बांधून जळता कंदील सोडायचा. जळत राहिला तर माणसाने उतरायचं, विझला तर कुणीही उतरायचं नाही. दर वर्षी बुद्धपौर्णिमेच्या चार-सहा दिवस आधी गाळ काढत, तेव्हा पहिला मान कंदिलाचा असे. मामा चिडवायचा, "हिचा इन्स्पेक्टर आधी उतरतो, मंग आमी." मामी हसायची आणि काच पुसत राहायची.

ऐंशी उलटल्यावर त्या गावाच्या वरच्या अंगाला दारूचा कारखाना आला. साखर काढून उरलेल्या मळीपासून दारू करायची आणि उरलेलं तपकिरी, आंबट, घाण वासाचं पाणी ओढ्यात सोडायचं. गावाने आरडाओरड केली तेव्हा कारखान्याने बाहेरून एक तज्ज्ञ आणला. तज्ज्ञांनी सांगितलं, ओढ्यात कशाला सोडता, खोल बोअर घ्या आणि पंपाच्या दाबाने हे पाणी खडकाच्या पोटात कोंबा. वर अखंड खडकाचं झाकण असलं म्हणजे गेलं ते पाताळात. पाताळातून तक्रारीचे अर्ज येत नाहीत, हा त्यातला मुख्य फायदा.

फक्त झाकण अखंड असल्याचा दाखला हवा होता. दाखला देणारं खातं आमचं होतं आणि खात्यात झाकणं पाहणारी मी होते.

चाचणीचं भोक घेतलं, पेट्या आल्या. पेटीवर मामाच्या गावाचं नाव पाहून माझा ऊर भरून आला. आजोळचं काम, म्हणून त्या पेट्या मी जरा जास्तच मन लावून आवरल्या. दोन घमेली लाल चुरा निघाला. यंत्र चालवणाऱ्याची रोजची वही पेट्यांबरोबर आली होती, पण तिच्यावर ग्रीसचे डाग, अक्षर कोंबडीच्या पायाचं, तेव्हा मी ती न उघडताच कपाटावर ठेवली. मग सुवाच्य अक्षरात लिहिलं, "खडक सलग व अखंड." खाली माझी सही, तिच्या खाली साहेबांची. साहेबांनी पेट्यांचा फोटो काढवून दाखल्याला जोडला.

त्या रविवारी मी मामाकडे गेले होते. बौद्धवाड्याने कारखान्याच्या पंपाविरुद्ध तहसीलदारांना द्यायचा अर्ज तयार केला होता. त्यावर तीन-चार सह्या होत्या आणि बाकी सगळे अंगठे, त्यांत मामीचाही. मामाने मला चारचौघांत विचारलं, "तू पाह्यलं ना?"

"हो," मी म्हणाले.

"मंग बास. आपली पोरगी सही करती म्हंजे खडक फुटका नाय." त्याने अर्जाची घडी घालून खिशात ठेवली.

मामी तेवढी म्हणाली, "पाह्यलं खरं, पर हितं येऊन पाह्यलं का?"

बायकांच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही ही शिस्त आमच्या ऑफिसात होती तशी वाड्यातही होती. सगळे हसले. शिकलेली बाई म्हणून मीही हसले.

पंप सुरू झाला. पावसाळा गेल्यावर वाड्यात भांडी वाजायला लागली. पंप जोरात चालला की जमिनीतून गुरगुर यायची आणि फडताळातल्या ताटल्या एकमेकींवर आपटायच्या. एका घराच्या ओट्याला चीर गेली. मामाने पत्र पाठवलं तेव्हा मी ते साहेबांना दाखवलं, साहेबांनी तज्ज्ञांना विचारलं आणि तज्ज्ञांनी कळवलं की ट्रक जात असतील. ट्रकचा रस्ता गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. पण ट्रक अवजड असतात, हे तज्ज्ञांचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

उन्हाळा लागला आणि विहिरीच्या पाण्यातून बुडबुडे यायला लागले. मामा बाटलीत पाणी भरून एसटीने नाशकात आला. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि पेट्यांचा फोटो पुढे केला. "बघा, एक तरी तडा दिसतो का? तुमच्याच भाचीचं काम आहे."

मामाने फोटो बराच वेळ निरखला. गवंडी माणूस, दगडाची पारख होती त्याला. "लय ब्येस दगड हाय, सायेब," तो म्हणाला आणि ओशाळून बाटली पिशवीत परत ठेवायला लागला.

मी ती बाटली घेतली आणि शेडमध्ये जाऊन बूच काढलं. फुस्स करून हवा निघाली. माझ्या टेबलावर आम्लाची बाटली असायची. काळ्या खडकात पांढरे खडे असतात, त्यांवर थेंब टाकून बघायचं, चुन्याचे असले तर फसफसतात. त्या फेसातून निघतो तो कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षा जड, खड्ड्यात साठून राहणारा, दिवा विझवणारा आणि माणसालाही. कारखान्याचं पाणी आंबट आणि खडकाच्या पोटात चुन्याचे खडे. मी थेंबाथेंबाने करत होते तोच प्रयोग कारखाना रात्रंदिवस पंपाने करत होता. पण झाकण अखंड असेल तर वायू विहिरीत येईल कसा? मी पेट्या उघडून पुन्हा पाहिल्या. पेट्या चकाचक होत्या.

मामाला स्टँडवर पोचवायला निघाले तर फाटकाशी वॉचमनची बायको अंगण सारवत होती. तिच्याशी काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "ही माती कुठल्या पेटीतली गं?"

"ती नाय का, तुमच्या मामाच्या गावची. दोन घमेली एका दमात दिली होती तुमी. पुरवून पुरवून वापरते, बाई. एवढी माती पुन्यांदा आलीच नाय."

मी तिथेच उभी राहिले. ज्या झाकणाखाली कारखाना पाणी कोंबत होता, त्याची सगळ्यात कच्ची जागा माझ्यासमोर अंगणभर पसरली होती. मामाला यातलं काही कळलं नाही. तो ओलं सारवण चुकवून कडेकडेने फाटकाबाहेर गेला.

परत आल्यावर कपाटावरची ती ग्रीसची वही काढली. मनावर घेतलं तर अक्षर चांगलं लागत होतं. "यंत्रात सोडलेलं पाणी सगळं गायब. खडक फुटका. लाल माती. कांडी निघत नाही." एका दिवसाचं नाही, सलग तीन दिवसांचं हेच लिहिलं होतं. जिथे पाणी आपोआप गायब होतं, तिथे दाबाने कोंबलेलं पाणी भेगा आणखी रुंद करत जाणार आणि वायूला वरची वाट मोकळी करून देणार, हे कळायला पदवीसुद्धा लागत नाही.

मी साहेबांकडे गेले आणि म्हणाले, "दाखला मागे घ्यायला हवा."

"बाई, दाखला म्हणजे काय उसनी दिलेली वाटी आहे? आणि पेट्या आहेत की पुराव्याला."

"पेट्या मी आवरल्या होत्या, साहेब."

"मग? छान आवरल्यात," साहेब म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

गाळ काढायचा दिवस जवळ आला होता. मी रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि सकाळच्या एसटीने गाव गाठलं. पोचले तेव्हा इंजिन लावून विहिरीचं पाणी उपसून झालं होतं आणि काठावर सगळा वाडा जमला होता. विहिरीत उतरायला दगडात लोखंडी कडी बसवलेली होती. मामाने धोतराचा काचा मारला होता आणि पहिल्या कड्यावर पाय ठेवला होता. मामी काठावर कंदील पेटवत होती.

"ऱ्हाऊ दे तुझा इन्स्पेक्टर," मामा तिला म्हणत होता. "खडक अखंड हाय. भाचीनं लिहून दिलंय."

मी गर्दीतून पुढे झाले. एवढंच म्हणाले, "मामा, कंदील."

मामीने दोर सोडला. दुपारच्या उन्हात ज्योत नीट दिसत नव्हती, पण कंदील विहिरीच्या सावलीत गेला तशी पिवळी दिसायला लागली. पहिलं कडं, दुसरं, तिसरं. चौथ्या कड्यापाशी ती आखडली आणि गेली. वातीचा धूर वर न येता तिथेच आडवा पसरून राहिला.

"वाऱ्यानं गेला," मामा म्हणाला. विहिरीत वारा नव्हता. मामीने कंदील वर ओढला, पेटवला, पुन्हा सोडला. चौथं कडं. तिसऱ्यांदा सोडला, तेव्हाही चौथंच कडं.

मामा अजून कड्यावर पाय ठेवून उभा होता. "पन खडक तर…" असं म्हणून तो माझ्याकडे बघायला लागला. तीनदा विझलेल्या कंदिलापेक्षा त्याला माझी सही खरी वाटत होती.

"मामा, वर ये," मी म्हणाले. "मी पाहिलं नव्हतं रे. मी नुसतं आवरलं होतं."

मामाने पाय काढून घेतला आणि काठावर बसला. मामी दोर गुंडाळत होती, ती गुंडाळत राहिली.

मग मी जे करायचं ते केलं. वहीची नक्कल, लाल मातीचा हिशेब आणि माझी चूक, असं सगळं लिहून साहेबांना डावलून वर पाठवलं. बैठका झाल्या, समिती आली, समितीने चहा घेतला आणि बऱ्याच महिन्यांनी पंप बंद झाला. अहवालात माझ्या पराक्रमाला 'कार्यालयीन त्रुटी' म्हटलं होतं. शिक्षा म्हणून मला पंख्याखालून उठवून फिल्डवर पाठवण्यात आलं. सहा वर्षं जे हक्काने मिळालं नव्हतं ते मला शिस्तभंगाबद्दल मिळालं. सुरगाण्याच्या डोंगरात पहिल्यांदा मी यंत्राशेजारी उभी राहून कांडी निघताना पाहिली आणि चुऱ्याच्या जागी स्वतःच्या हाताने ठोकळा ठेवला.

पंप बंद झाला म्हणून विहीर बरी झाली नाही. वायूच्या मागून तपकिरी पाणी आलं. बौद्धवाड्यातल्या बायका पुन्हा गावविहिरीवर जायला लागल्या. आता काळ बदलला होता, कायदा होता, वरून कुणी पाणी ओतत नव्हतं. नंबर तेवढा शेवटचा लागायचा. मामी तिच्या त्या कमरेसकट त्या रांगेत उभी राहायची. मला तिने कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. मी गेले की त्या रांगेतून आणलेल्या पाण्याचा चहा करून पुढे ठेवायची. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला चहा गिळायला सोपा गेला असता.

अलीकडे ऐकते, धुराड्यातला कार्बन डायऑक्साइडच गोळा करून जमिनीखालच्या खडकात कायमचा कोंडून ठेवायची विद्या निघाली आहे, आणि आपला काळा खडक त्याला फार योग्य आहे म्हणे. असेलही. माणसं हुशार आहेत, यंत्रं नवी आहेत. त्यांच्या पेट्या कोण आवरतं, एवढंच मला विचारायचं आहे.

मामा पुढची काही वर्षं न चुकता बुद्धपौर्णिमेच्या आधी विहीर उपसून कंदील सोडायचा आणि मला पोस्टकार्ड टाकायचा. कार्डावर खुशालीच्या आधी कड्याचा आकडा असायचा. एका वर्षी चौथं. पुढच्या वर्षीही चौथं. मग पाचवं, मग सहावं. मी ती कार्डं जपून ठेवली आहेत. आमच्या खात्याने त्या विहिरीची एवढी सरळ नोंद कधी ठेवली नाही.

मग मामा गेला. त्या वर्षी कार्ड येणार नाही हे मी धरूनच चालले होते. पण पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आलं. अक्षर मोठं, वाकडंतिकडं, ओळ खाली उतरत गेलेली. वाड्यात प्रौढांचा वर्ग चालू झाला होता आणि मामी तिथे जाते, हे मला तोवर माहीतही नव्हतं. लिहिलं होतं, "कंदील तळाला टेकला. जळत होता. मी सोता वाकून पाह्यलं."

खाली तिने अंगठा लावला नव्हता. सही केली होती.